मदत हवी आहे: विमान मिनिटाला किती फूट चढणार, हे कोण ठरवतं?

परवाच्या विमानप्रवासात झोप येईना, म्हणून समोरच्या पडद्यावरची उंची दर मिनिटाला वहीत टिपत बसलो. (रिकामटेकडेपणा म्हणा हवं तर.) सुरुवातीचे आकडे: ७,४०० फूट, ९,९००, १०,८००, १३,०००. म्हणजे एका मिनिटात अडीच हजार, पुढच्यात फक्त नऊशे, मग पुन्हा बावीसशे! ३३ हजारांच्या पुढे तर जेमतेम सातशे. त्याआधी, उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनांचा आवाज एकदम उतरला आणि पोटात गोळा आला, ते वेगळंच.

पायलट चढण्याचा एक आकडा लावून ठेवत नाही का? मग मध्येच नऊशे कसे? आणि चढताना ठीक असलेले कान उतरताना का ठणकले? जाणकारांनी सोपं करून सांगा.

प्रतिसाद १
त्या नऊशेपासूनच सुरू करू. चढताना सहसा फुटांचा आकडा लावत नाहीत. इंजिनं ठरावीक 'क्लाइंब थ्रस्ट'वर (चढण्यासाठी ठरलेल्या जोरावर) ठेवायची आणि नाक वर-खाली करून हवेतला वेग सांभाळायचा. शिल्लक जोरावर जेवढं चढेल तेवढं चढेल. बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची (ताशी सुमारे ४६० किमी) मर्यादा असते. ती उंची ओलांडली की नाक जरा खाली घेऊन वेग वाढवतात. तुमच्या त्या मिनिटात बराचसा जोर वेगावर खर्च झाला, उंचीच्या वाट्याला नऊशे आले.

वर हवा विरळ. ३६,००० फुटांवर तिची घनता समुद्रसपाटीच्या ३० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे इंजिनांचा जोर घटतो आणि शिल्लकही. तिथे 'व्हर्टिकल स्पीड' (मिनिटाला किती फूट चढायचं तो आकडा) लावून हट्टाने दोन हजार मागितले, तर ऑटोपायलट नाक वर करत राहतो आणि वेग घसरत जातो. लक्ष नसेल तर पार स्टॉलपर्यंत, म्हणजे पंखांची उचल सुटेपर्यंत.

पोटातला गोळा: टेकऑफचा जादा जोर साधारण १,५०० फुटांवर कमी करतात. खाली पडल्यासारखं वाटतं, पण विमान चढतच असतं.

उतरताना इंजिनं जवळजवळ आयडलवर (अगदी किमान जोरावर) असतात आणि हिशेब अंतराचा. दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल (एक म्हणजे सुमारे १.८५ किमी), म्हणजे ३६,००० फुटांवरून १०८ मैल आधीच उतरायला लागायचं, वर वेग कमी करायला थोडी जागा. उशीर झाला की पंखांवर स्पीडब्रेकच्या फळ्या उभ्या राहिलेल्या दिसतात.

प्रतिसाद २
कानाचं सांगतो. कानाला विमानाची उंची कळत नाही, केबिनमधला दाब कळतो. मागची झडप कमी-जास्त उघडून तो ८,००० फुटांवरच्या दाबाखाली जाऊ देत नाहीत. केबिनची ही 'उंची' उतरताना मिनिटाला साधारण ३०० ते ३५० फुटांनीच कमी करतात. तरी दुखतं, कारण मधल्या कानातली हवा घशाकडच्या नळीतून बाहेर सहज निसटते, आत मात्र सहजी शिरत नाही. आवंढा गिळा, जांभई द्या. सर्दी होती का?

धागाकर्ता
होती, चांगलीच! आणखी एक: उतरताना वर मिनिटाला २,२०० होते, अगदी शेवटी ७००. उतार बदलला का?

प्रतिसाद १
नाही, उतार तोच, साधारण तीन अंशांचा. जमिनीच्या तुलनेतला वेग नॉटमध्ये घेऊन गुणिले पाच करून बघा, मिनिटाचे फूट येतील: वर ४४० नॉट, धावपट्टीजवळ १४०.