विषय : जुलैमधील फिओर्डलँड सहल, मिलफर्ड की डाऊटफुल साउंड?

प्रेषक : एक सदस्या
प्रति : सर्व सदस्य

स. न. वि. वि.

जुलैच्या शालेय सुट्टीत मंडळाची सहल न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाणार, हे वाचून आनंद झाला. क्वीन्सटाउनला मुक्काम ठेवून एका दिवसात मिलफर्ड साउंड हा फिओर्ड (उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) पाहून परतावे, असे मला सुचवावेसे वाटते. हॉटेल बदलावे लागणार नाही. माझे सासू-सासरे तेव्हा पुण्याहून आलेले असतील. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. त्यांना हा प्रवास झेपेल का, आणि ऐन हिवाळ्यात तिथे पाहण्यासारखे काही असते का, हे कृपया कळवावे.

प्रेषक : सहल समिती
प्रति : सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

ताई, आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. मिलफर्डला वर्षाकाठी जवळजवळ ६,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे साधारण आपल्या आंबोलीइतका. मात्र आंबोलीचा पाऊस बहुतांशी चार महिन्यांत उरकतो आणि इथला बाराही महिने पडत राहतो. हिवाळ्यात त्याचा जोर तुलनेने कमी असल्याने निरभ्र दिवस मिळण्याची शक्यता वाढते, शिखरांवर बर्फ असतो आणि बोटींवर गर्दी नसते. पाऊस पडताच कड्यांवरून उतरणारे असंख्य तात्पुरते धबधबे कोरड्या दिवशी दिसणार नाहीत, पण बोवेन आणि स्टर्लिंग हे दोन मोठे धबधबे कायम वाहतात.

क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येण्याला मात्र समितीची सहमती नाही. एका बाजूचे अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे आणि जुलैत संध्याकाळी साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे परतीचा बराचसा रस्ता अंधारात आणि गोठलेल्या डांबरावरून कापावा लागेल. शिवाय मिलफर्डच्या वाटेवरील होमर बोगद्याच्या आसपास हिमस्खलनाचा धोका असतो; धोका वाढला की रस्ता बंद करतात, हेलिकॉप्टरमधून स्फोटके टाकून साचलेला बर्फ मुद्दाम खाली पाडतात आणि मगच वाहने सोडतात. ही दक्षता योग्यच आहे. आपल्या वेळापत्रकासाठी तिच्यावर कुरकुर करणे बरे नव्हे. म्हणून मुक्काम त्याच वाटेवरच्या ‘ते आनाऊ’ या गावी ठेवावा, डाऊटफुल साउंड या दुसऱ्या फिओर्डचा दिवस आधी पक्का करावा आणि मिलफर्ड रस्ता उघडा असेल त्या दिवशी करावे, असा आमचा प्रस्ताव आहे.

डाऊटफुलचा प्रवास हीच मोठी मौज आहे. आधी बोटीने मानापौरी सरोवर ओलांडायचे, पलीकडे बसमध्ये बसून ६७१ मीटर उंचीची विल्मट खिंड चढून उतरायची आणि मग फिओर्डमधल्या दुसऱ्या बोटीत चढायचे. हा घाटरस्ता देशातल्या दुसऱ्या कोणत्याही रस्त्याला जोडलेला नाही. जलविद्युत केंद्राची अवजड यंत्रे नेण्यासाठी तो १९६०च्या दशकात बांधला गेला. त्याच प्रकल्पासाठी सरोवराची पातळी वाढवण्याचा बेत होता, आणि १९७० साली त्याविरुद्धच्या अर्जावर सुमारे २ लाख ६५ हजार लोकांनी सह्या केल्या. काठावरचे जे जंगल आपण पाहणार आहोत ते बुडाले नाही, याचे श्रेय त्या लोकांना आहे, आणि हे मुलांना बोटीवरच सांगावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या जंगलातून झिरपणारे चहाच्या रंगाचे गोडे पाणी फिओर्डच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते आणि प्रकाश अडवते. त्यामुळे एरवी खोल समुद्रात वाढणारे काळे प्रवाळ इथे थोड्याच खोलीवर आढळते.

ज्येष्ठांना फारसे चालावे लागत नाही. बोट आणि बस यांमध्ये चढ-उतार मात्र अनेकदा करावी लागते, तेव्हा सोबत एक तरुण असावा. वाटेत दुकान नाही. दशम्या, चटणी आणि गरम चहाचा थर्मास प्रत्येक कुटुंबाने बरोबर घ्यावा.

प्रेषक : एक सदस्या

आपला प्रस्ताव पटला. ते आनाऊच्या मुक्कामासाठी आमची चार नावे नोंदवावीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे बसमध्ये त्यांना पुढची जागा मिळावी, एवढीच विनंती.