'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका पुन्हा पाहायची आहे. कोणत्या क्रमाने पाहावी?

जुना प्रेक्षक

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी मालिकेचे भाग लागत, तेव्हा आमच्या पिढीतील अनेकांनी ते जमेल तसे, मधले कितीतरी चुकवत पाहिले. आता १९६६ ते १९६९ या काळातील मूळ मालिकेचे सर्व ७९ भाग नववीतल्या मुलीसोबत आठवड्याला एक याप्रमाणे पाहायचे आणि प्रत्येक भागावर नीट बोलायचे, असे ठरवले आहे. भाग प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहावेत की चित्रीकरणाच्या? २००६ पासून नव्या संगणकीय दृश्यांसह आलेली आवृत्ती घ्यावी की जुनीच? तिसरे पर्व गाळावे असेही काही जण सुचवतात. जाणकारांनी मत द्यावे.

ध्रुवमत्स्य

चित्रीकरणाचाच क्रम धरावा, असे मी आग्रहाने सांगेन. एनबीसी या अमेरिकी वाहिनीने ८ सप्टेंबर १९६६ रोजी 'द मॅन ट्रॅप' हा भाग सर्वप्रथम दाखवला. दुसरा पायलट (मालिका मंजूर होण्यासाठी केलेला नमुना भाग) असलेला 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' मात्र तिसऱ्या आठवड्यात आला, त्यामुळे गणवेश अचानक बदललेले दिसतात, डॉक्टर मॅकॉयच्या जागी भलताच डॉक्टर असतो आणि संपर्क अधिकारी उहुराचा तर पत्ताच नसतो. नियमित मालिकेसाठी सर्वात आधी चित्रित झालेला 'द कॉर्बोमाइट मनूव्हर' प्रेक्षकांपर्यंत दहाव्या क्रमांकावर पोहोचला.

परंतु केवळ सुसंगतीसाठी मी हे सांगत नाही. चित्रीकरणाच्या क्रमाने पाहिल्यास हे जग कसे हळूहळू घडत गेले, ते डोळ्यांसमोर उलगडते. आरंभीच्या भागांत एंटरप्राइज नेमके कोणाचे जहाज आहे, हेच लेखकांचे ठरलेले नाही. कधी ते पृथ्वीच्या एखाद्या अंतराळसंस्थेचे वाटते. 'फेडरेशन' (ग्रहांचा संघ) हा शब्द 'अरीना'मध्ये येतो, तर त्याचे शत्रू क्लिंगॉन त्याहून पुढे 'एरंड ऑफ मर्सी'मध्ये. या दोन्ही भागांच्या पटकथा जीन कून यांच्या आहेत. पहिल्या पर्वाच्या मध्यावर ते निर्मितीत आले आणि मालिकेची नैतिक भूमिका पक्की होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचे नाव सर्वतोमुखी झाले, ते योग्यच आहे. पण कून यांना त्यांचे श्रेय फार कमी मिळाले, असे मला मनापासून वाटते.

मुलगी 'द एनिमी विदिन' पाहताना एक रास्त प्रश्न नक्की विचारेल. माणसांना क्षणात जहाजावरून ग्रहावर पोहोचवणारा ट्रान्सपोर्टर बिघडला आहे, सुलू आणि त्याचे सहकारी ग्रहावर थंडीने गारठत आहेत, तर त्यांना आणायला छोटे यान का पाठवत नाहीत? याचे कारण असे की तेव्हा ते यान अस्तित्वातच नव्हते. त्याची बांधणी पुढे 'द गॅलिलिओ सेव्हन'च्या सुमारास झाली. मुळात दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून तर ट्रान्सपोर्टरची कल्पना निघाली.

कृष्णविवर

दृश्यांबाबत माझे मत जुन्या आवृत्तीच्या बाजूने आहे. नवी संगणकीय दृश्ये सफाईदार आहेत. मात्र प्रकाशयोजना, नेपथ्य आणि अभिनय १९६६चे असताना मध्येच चकचकीत जहाज आले की नजर अडखळते. ॲल्बर्ट व्हिटलॉक यांनी रंगवलेली परग्रहांची चित्रे तर आवर्जून मुळातच पाहावीत. ब्लू-रे संचात दोन्ही पर्याय आहेत, त्यामुळे एखादा भाग दोन्ही प्रकारे पाहून मुलीलाच निवड करू द्यावी.

रात्रपाळी

वरील दोन्ही मतांशी सहमत आहे. आठवड्याला एकच भाग पाहण्याचा बेत फारच उत्तम, कारण काही भागांवर विचार करायला आठवडाही अपुरा पडतो. कून यांनीच लिहिलेला 'द डेव्हिल इन द डार्क' घ्या. खाणीत कामगारांचे बळी घेणाऱ्या हॉर्टा या प्राण्याला जिवंत पकडावे, असे आरंभी जहाजाचा उपप्रमुख स्पॉक सुचवतो आणि कॅप्टन कर्क त्याला ठार करण्याचा आदेश देतो. पुढे बोगद्यात कर्क आणि तो प्राणी एकटे समोरासमोर येतात. प्राणी हल्ला करत नाही, हे पाहून कर्क शस्त्र रोखून धरतो, पण चालवत नाही. आणि आता संपर्कयंत्रावरून त्याला मारून टाका असे कळकळीने सांगतो तो स्पॉक. मित्राच्या जिवाची काळजी वाटताच तर्कनिष्ठ स्पॉकचे तत्त्व बाजूला पडते, तर भयाच्या ऐन क्षणी कर्कला समोरचा जीव समजू लागतो. ही अदलाबदल कर्क स्वतःच स्पॉकला बोलून दाखवतो. कामगार ज्यांना निरुपयोगी सिलिकॉनचे गोळे समजून फोडत होते, ती हॉर्टाची अंडी निघतात. भाग संपल्यावर 'आधी चूक कोणाची?' एवढेच मुलीला विचारून पाहा.

तिसरे पर्व मुळीच गाळू नये. शुक्रवारी रात्री दहाची अडचणीची वेळ आणि कमी झालेला निधी यांचा परिणाम जाणवतो, हे खरे. 'स्पॉक्स ब्रेन' हा त्याचा पहिलाच भाग अत्यंत दुबळा आहे आणि तो कून यांनीच ली क्रोनिन या टोपणनावाने लिहिला, याचे वाईट वाटते. तरीही त्याच पर्वात 'द एंटरप्राइज इन्सिडंट', 'द थोलियन वेब' आणि 'ऑल अवर यस्टरडेज' आहेत.

जुना प्रेक्षक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चित्रीकरणाचा क्रम आणि जुनी दृश्ये हे निश्चित केले. एकच शंका उरते: या क्रमाने गेल्यास नाकारलेला पहिला पायलट 'द केज' सर्वात आधी पाहावा लागेल का?

ध्रुवमत्स्य

नाही, एवढा एक अपवाद करावा. 'द केज'मधील बराचसा भाग 'द मिनॅजरी' या दोन भागांच्या कथेत गुंफला आहे आणि आपल्या जुन्या कॅप्टन पाइकसाठी स्पॉक एवढा मोठा धोका का पत्करतो, हे त्यात टप्प्याटप्प्याने उघड होते. मूळ पायलट आधी पाहिला तर ती उत्कंठा हातची जाते. 'द मिनॅजरी'चे दोन्ही भाग त्यांच्या जागी, शक्यतो एकाच बैठकीत पाहावेत आणि पुढच्या आठवड्यात 'द केज' लावावा.