मदत हवी आहे: फ्रान्स, रशिया, इराण अध्यक्षीय की संसदीय?

मांजलपूरकर
तातडीने हवंय. मुलीला तक्ता भरायचाय, त्यात दोनच रकाने: अध्यक्षीय आणि संसदीय. ब्रिटन भरून झालं. फ्रान्स, रशिया आणि इराणपाशी गाडी अडली आहे. तिन्हीकडे राष्ट्राध्यक्ष आहेत, मग अध्यक्षीयच ना? नेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतोय. परवा सकाळी पेपर आहे, कृपया थेट उत्तर द्या.

कारेलीबागवासी
कोणता पेपर? बारावी, बीए की स्पर्धा परीक्षा? आणि यादीत एकूण देश किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रावपुरा_जुना
राष्ट्राध्यक्ष आहे की नाही हे बघूच नका. सरकारप्रमुखाला घरी कोण पाठवू शकतं ते बघा. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्षच सरकार चालवतो, पण त्याला संसद निवडते आणि अविश्वास ठरावाने काढूही शकते. म्हणजे ती संसदीय. मी वर्षानुवर्षं मुलांना हेच शिकवत आलोय.

तळटीप
अमेरिकेतही महाभियोगाने राष्ट्राध्यक्षाला काढता येतंच की. मग तीही संसदीय म्हणायची का?

रावपुरा_जुना
नाही. महाभियोगाला आरोप लागतो आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला. अविश्वास ठरावाला आरोप लागत नाही, धोरण पटलं नाही एवढं पुरतं.

सयाजीबाग
ताई, मुलीला आत्तापासून आपली राज्यघटना वाचायला लावा. कलम 75 मध्ये मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे असं लिहिलंय. तेवढं पक्कं केलं की पुढे स्पर्धा परीक्षेतही उपयोगी पडेल.

मांजलपूरकर
भारत अभ्यासक्रमात नाहीच आहे! अमेरिकन बोर्डाचा अकरावीचा विषय आहे. देश: ब्रिटन, रशिया, चीन, इराण, मेक्सिको, नायजेरिया. फ्रान्स शाळेने वरून दिलाय. दोन रकाने शाळेनेच आखलेत, तिसरा नाही.

कारेलीबागवासी
हे आधी सांगायचं ना! फ्रान्स आणि रशिया अर्धअध्यक्षीय आहेत. थेट निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष, आणि शिवाय संसदेपुढे उभा राहणारा पंतप्रधान. फ्रान्समध्ये 1958 ची राज्यघटना आहे. राष्ट्राध्यक्ष जनतेने थेट निवडायचा हे 1962 च्या सार्वमतात ठरलं. 1986 मध्ये मितराँ समाजवादी आणि त्यांचे पंतप्रधान शिराक उजवे, दोघांना एकत्र कारभार करावा लागला. डिसेंबर 2024 मध्ये संसदेने बार्निये यांचं सरकार पाडलं, राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ मात्र जागेवरच राहिले. तिसरा रकाना मुलीने स्वतः आखावा आणि ही दोन उदाहरणं द्यावीत.

तळटीप
रशिया कागदावर तसा. 2008 ते 2012 मेदवेदेव राष्ट्राध्यक्ष आणि पुतिन पंतप्रधान होते, तेव्हा सूत्रं कुणाच्या हातात होती हे सगळ्या जगाला दिसत होतं. राज्यघटनेतलं पद आणि खरी सत्ता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तिने दोन्ही लिहावेत.

मांजलपूरकर
आणि इराण?

रावपुरा_जुना
अध्यक्षीय. 1989 च्या दुरुस्तीत पंतप्रधानपदच रद्द झालं.

तळटीप
साफ चूक, सर. राष्ट्राध्यक्षाच्या वर सर्वोच्च नेता आहे. सैन्य त्याच्या हाताखाली, न्यायव्यवस्थेचा प्रमुख तो नेमतो. पालक परिषदेच्या 12 सदस्यांपैकी 6 धर्मपंडितही त्याचेच, आणि निवडणुकीला कोण उभं राहणार हे ही परिषद ठरवते. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष बनीसद्र यांना संसदेने अपात्र ठरवलं, मग सर्वोच्च नेते खोमेनी यांनी त्यांना पदावरून दूर केलं. 1979 मध्ये इराणचं राज्य तेच राहिलं, राजवट बदलली. शाह गेले, धर्मसत्ता आली. निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष बदलला तर बदलतं ते फक्त सरकार. राज्य, राजवट आणि सरकार हे तीन थर तिला समजले तर चीनही सुटेल. तिथे पक्षाचा सरचिटणीस कोण हे आधी बघावं लागतं.

दांडियाबाजार
राजवटीचा विषय निघालाच आहे तर आपल्या बडोद्याचंच उदाहरण घ्या. 1875 मध्ये इंग्रजांनी मल्हारराव महाराजांना पदच्युत केलं. इंग्रज रेसिडेंटवरच्या विषप्रयोगाच्या चौकशीत आयोगातल्या तिघा इंग्रजांनी दोषी ठरवलं, तिघा हिंदी सदस्यांनी नाही. शेवटी गैरकारभाराचं कारण दाखवून काढलंच. मग बडोदा संस्थान सार्वभौम होतं का? गादी गायकवाडांचीच राहिली, सयाजीराव दत्तक आले. हा खरा अभ्यासाचा विषय आहे, शाळेत कुणी शिकवत नाही.

कारेलीबागवासी
काका, वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. इथे त्या मुलीचा पेपर आहे.

मांजलपूरकर
तळटीप, मनापासून आभार. तिसरा रकाना आखला, इराणपुढे "धर्मसत्ताक, खाली निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष" असं लिहिलंय. आता ती विचारतेय, नायजेरियात सर्वाधिक मतं मिळूनही माणूस हरू शकतो का?

रावपुरा_जुना
पहिल्या फेरीत अडू शकतो. 36 राज्यं आणि राजधानी धरून किमान दोन तृतीयांश ठिकाणी 25 टक्के मतं लागतात. नुसत्या उत्तरेच्या किंवा नुसत्या दक्षिणेच्या जोरावर कुणी निवडून येऊ नये म्हणून ही अट आहे. ती जमली नाही तर दुसरी फेरी. इराणबद्दल मात्र माझं मत कायम आहे, पंतप्रधान नसेल तर रकाना अध्यक्षीयच.