दूध संकलनाचा प्रोटो २ स्कीमा प्रोटो ३ मध्ये न्यावा का?

कृष्णाकाठ (सांगली)

वाळवा, पलूस आणि शिराळा तालुक्यांतील दूध संकलन केंद्रांच्या नोंदी आमच्याकडे प्रोटोकॉल बफर्सच्या (डेटा मोजक्या बाइटमध्ये मांडून पाठवण्याच्या गूगलच्या पद्धतीच्या) स्वरूपात सर्व्हरवर येतात. केंद्रावरचा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये आहे, सर्व्हर जावामध्ये आहे आणि दहा दिवसांच्या बिलांचे अहवाल पायथनमध्ये तयार होतात. तिन्हींचा स्कीमा, म्हणजे नोंदीत कोणती फील्ड असतील याचा आराखडा, एकच असून तो प्रोटो २ या जुन्या आवृत्तीत लिहिलेला आहे. आता संकेतस्थळासाठी पीएचपी आणि उत्पादकांच्या मोबाइल ॲपसाठी डार्ट हवे आहे, म्हणून सगळा स्कीमा प्रोटो ३ मध्ये न्यावा, असा आग्रह सुरू झाला आहे. माझा त्याला विरोध आहे आणि त्याची कारणे येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, तारेवरून (नेटवर्कवरून) जाणारे बाइट दोन्हींत एकाच पद्धतीने मांडले जातात. फील्डचा क्रमांक, मूल्याचा प्रकार आणि मग मूल्य, हीच रचना प्रोटो २ मध्ये आहे आणि प्रोटो ३ मध्येही आहे. १ ते १५ क्रमांकांच्या फील्डला शीर्षकासाठी एक बाइट लागतो, तो प्रोटो ३ मध्येही एकच लागणार. म्हणजे डेटा वाचवण्याच्या दृष्टीने या स्थलांतरातून नाव घेण्यासारखे काही हाती येत नाही. बदलतो तो अर्थ. २०१६ मध्ये प्रोटो ३ आले तेव्हा साध्या संख्यात्मक फील्डमध्ये "मूल्य शून्य आहे" आणि "मूल्य भरलेच नाही" हा भेद काढून टाकण्यात आला, कारण शून्य असलेले फील्ड पाठवलेच जात नाही आणि वाचणाऱ्याला ते असले काय, नसले काय, शून्यच दिसते. आमच्या नोंदीत दुधात मिसळलेल्या पाण्याचे शेकडा प्रमाण हे एक फील्ड आहे. तेथे शून्य म्हणजे उत्तम दूध, आणि फील्ड नसणे म्हणजे ॲनालायझरने ती तपासणीच केली नाही. हे दोन्ही एकच मानणारा साचा बिलासाठी वापरावा, हे मला पटत नाही.

गूगलने २००८ मध्ये हे स्वरूप खुले केले तेव्हा सी प्लस प्लस, जावा आणि पायथन या तीनच भाषा त्यात होत्या, आणि आमचे काम आजही याच तीन भाषांत चालते. पुढे रूबी, सी शार्प, पीएचपी यांसारख्या भाषा घेताना प्रत्येक भाषेत लायब्ररी लिहिणे सोपे जावे म्हणून साचाच सोपा केला गेला. भाषा वाढल्या त्या काही प्रमाणात अर्थाच्या मोबदल्यात वाढल्या, असे मी म्हणेन. नंतर यातले बरेच परत आणावे लागले. अनोळखी (वाचणाऱ्याच्या स्कीमामध्ये नसलेली) फील्ड टाकून न देता जपण्याची सोय २०१७ च्या ३.५ आवृत्तीत परत आली आणि मूल्य भरले आहे की नाही हा भेद राखणारा "ऑप्शनल" हा शब्द ३.१२ मध्ये प्रायोगिक, तर ३.१५ मध्ये नेहमीच्या वापरासाठी परत आला. ज्यांनी २०१६ मध्ये घाईने स्थलांतर केले त्यांनी तेच काम दोनदा केले.

हळदबाजार (सांगली)

आपला पाण्याचा मुद्दा योग्य आहे, पण त्याचे उत्तर आपणच शेवटी दिले आहे. ३.१५ नंतर त्या एका फील्डपुढे "ऑप्शनल" लिहिले की भेद शिल्लक राहतो. उरलेल्या फील्डांना त्याची गरजही नाही, कारण फॅट शून्य असलेले दूध कोणत्याही केंद्रावर येत नाही. तेथे शून्य दिसले की मोजणी झालेली नाही, एवढे समजण्यासाठी वेगळी सोय लागत नाही.

आपण ज्याबद्दल बोलला नाहीत ते "रिक्वायर्ड" फील्ड मला अधिक चिंतेचे वाटते. प्रोटो २ मध्ये अनिवार्य म्हणून घोषित केलेले फील्ड संदेशात नसेल, तर वाचणारा प्रोग्राम पूर्ण संदेशच नाकारतो. उद्या सर्व्हरच्या स्कीमामध्ये कोणी एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) अनिवार्य केले, तर फक्त फॅट मोजणाऱ्या जुन्या यंत्राची प्रत्येक नोंद परत फिरेल. आणि आज अनिवार्य असलेले फील्ड उद्या काढले, तर जुना वाचक अडेल. प्रोटो २ च्या खुल्या आवृत्तीवर प्रमुख काम केलेल्या केंटन वार्डा यांनी २०१३ मध्ये कॅप्न प्रोटो हे नवे स्वरूप आणले, तेव्हा त्यात अनिवार्य फील्ड ठेवलेच नाही. स्वतः वापरून पाहिलेल्या माणसाचा हा निर्णय आहे, तो दुर्लक्षिण्यासारखा नाही.

दुसरा धोका दरपत्रकात आहे. प्रोटो २ मधील एनम, म्हणजे ठरावीक मूल्यांच्या यादीतूनच निवडायचा प्रकार, बंदिस्त असतो. समजा, गाय आणि म्हैस या दोन प्रकारांत सर्व्हरने "मिश्र" हा तिसरा प्रकार वाढवला आणि केंद्रावरचा प्रोग्राम जुनाच राहिला. जुन्या प्रोग्रामला तिसरे मूल्य ओळखता येत नाही, म्हणून तो ते अनोळखी फील्डांत टाकतो. फील्ड ऐच्छिक असेल आणि ते भरले आहे का हे विचारल्याशिवाय कोणी वाचले, तर एनममधील पहिले मूल्य मिळते, म्हणजे मिश्र दुधाचा दर गाईच्या दुधाला लागतो. फील्ड अनिवार्य असेल तर अख्खे दरपत्रकच नाकारले जाते. प्रोटो ३ मध्ये एनम खुला असल्याने अनोळखी संख्या तशीच हाती येते आणि पहिले मूल्य शून्य असण्याची सक्ती असल्याने तेथे "अज्ञात" ठेवण्याची सवयही लागते.

आणि पीएचपीबद्दल सांगायचे तर, त्याचा जनरेटर (स्कीमावरून कोड तयार करणारे साधन) प्रोटो २ चा स्कीमा दिला की "फक्त प्रोटो ३ साठी कोड तयार करता येतो" असे सांगून थांबत आला आहे. स्कीमा गोठवून ठेवायचा असेल, तर संकेतस्थळ कसे चालवायचे हेही आपण सांगायला हवे.

अजिंक्यतारा (सातारा)

दोघांचीही क्षमा मागून विचारतो, की एवढा खटाटोप हवाच कशाला? पाटण आणि कोरेगाव भागांतील आमच्या केंद्रांच्या नोंदी आम्ही साध्या जेसनमध्ये, म्हणजे वाचता येणाऱ्या मजकुराच्या स्वरूपात, पाठवतो. बिलावरून तक्रार आली की केंद्रचालक स्वतः फाइल उघडून पाहू शकतो, आणि कोणत्याही भाषेत ती वाचता येते. प्रोटो २ की प्रोटो ३, हा प्रश्नच उद्भवत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

प्रश्न उद्भवत नाही असे नाही, तो न लिहिलेला राहतो. जेसनमध्ये "फॅट" हे फील्ड एका केंद्राने संख्या म्हणून आणि दुसऱ्याने अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून पाठवले, तर ते कोण अडवणार? शिवाय जावास्क्रिप्टमध्ये २ चा ५३ वा घात ओलांडणारी पूर्णांक संख्या नेमकी राहत नाही. याच कारणाने प्रोटोकॉल बफर्सचे अधिकृत जेसन रूपांतर ६४ बिटांच्या संख्या मजकूर म्हणून लिहिते. फाइल उघडून वाचता येण्याचा फायदा मात्र खरा आहे, तो नाकारत नाही.

मिरज जंक्शन (मिरज)

चर्चा स्कीमाच्या आवृत्तीवर अडकली आहे, पण केंद्रे बंद पडतात ती बहुधा लायब्ररीच्या आवृत्तीमुळे. मे २०२२ मध्ये पायथनसाठी ४.२१ आवृत्ती आली, तेव्हा ३.१९ पूर्वीच्या कंपायलरने स्कीमावरून तयार केलेला कोड तिच्यावर चालेनासा झाला, आणि डिस्क्रिप्टर (स्कीमाचे प्रोग्राममधील वर्णन) थेट तयार करता येत नाहीत अशी त्रुटी देत प्रोग्राम सुरू होतानाच थांबू लागले. त्यांच्या स्कीमामध्ये एका अक्षराचाही बदल नव्हता, तारेवरचे बाइटही तेच होते. म्हणून स्कीमा गोठवला की आपण सुरक्षित, हा कृष्णाकाठ यांचा समज मला मान्य नाही. आणि प्रोटो ३ मध्ये गेलो की सुटलो, हा हळदबाजार यांचाही नाही. आता निदान नियम लिहून ठेवलेला आहे: जनरेट केलेला कोड नवा आणि रनटाइम (तो कोड चालवणारी लायब्ररी) जुना हे कधीच चालणार नाही, जुना कोड पुढच्या एका मोठ्या आवृत्तीपर्यंत चालेल, आणि सी प्लस प्लसमध्ये तर दोन्हींची आवृत्ती तंतोतंत एकच हवी.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातील प्रत्येक जुन्या संगणकावर सापडते. उत्पादकांची नावे जुन्या केंद्रांवर युनिकोडमध्ये नाहीत. काही इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतपद्धतीत) आहेत, काही एखाद्या फाँटच्या स्वतःच्या संकेतांत आहेत, आणि ते बाइट गुपचूप स्ट्रिंग (मजकूर) प्रकारच्या फील्डमध्ये भरलेले असतात. प्रोटो २ मध्ये सी प्लस प्लस त्यांना अडवत नाही. जावा मूळ बाइट जपून ठेवते, फक्त दाखवताना प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसतात. प्रोटो ३ मध्ये स्ट्रिंग वैध यूटीएफ ८ (युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) असलीच पाहिजे, त्यामुळे जावाचा सर्व्हर ती नोंद वाचायलाच नकार देईल. "पाटील" हे आडनाव इस्कीत ५ बाइटांचे आणि यूटीएफ ८ मध्ये १५ बाइटांचे होते, एवढ्या वाढीची काळजी करण्याचे दिवस गेले; पण नाव वाचता आले नाही म्हणून लिटरची नोंदच बुडणे परवडणारे नाही. स्थलांतर करायचे असेल, तर प्रथम नावाचे फील्ड बाइट्स प्रकाराचे करावे, जे तारेवर स्ट्रिंगशी सुसंगत असते, आणि शुद्ध युनिकोड नावासाठी वेगळ्या क्रमांकाचे नवे फील्ड घ्यावे.

कृष्णाकाठ (सांगली)

नावांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, कारण प्रोटो ३ मध्ये गेल्यावर नोंदी नाकारल्या जातील, हे आपणच सिद्ध केले. पायथनबद्दल म्हणाल, तर लायब्ररी ३.२० मालिकेवर बांधून ठेवता येते. पीएचपीला मुळात हा स्कीमा द्यायचीच गरज नाही. संकेतस्थळाला दाखवायचे असते ते बिल, ते जावाचा सर्व्हर जेसनमध्ये रूपांतरित करून देऊ शकतो, आणि ते रूपांतर प्रोटो २ च्या संदेशांवरही चालते. भाषा वाढवायची, तर ती सर्व्हरच्या पलीकडे वाढवावी. केंद्र आणि सर्व्हर यांच्यातील करारात तिसऱ्याला घेऊ नये.

हळदबाजार (सांगली)

संकेतस्थळाचे उत्तर मान्य. लायब्ररी बांधून ठेवण्याचे नाही, कारण पायथन स्वतः पुढे सरकत राहते आणि जुन्या मालिकेला नव्या पायथनसाठी कोणी दुरुस्त्या करत बसत नाही. मला आता तिसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. प्रोटो २ आणि प्रोटो ३ या दोन्हींच्या जागी एडिशन २०२३ आली असून २०२४ पासून ती वापरता येते. तिच्यात मूल्य भरले आहे की नाही हा भेद आपोआप राखला जातो. एनम बंदिस्त ठेवायचा की खुला, हे फाइलपुरते किंवा एका एनमपुरतेही, आणि यूटीएफ ८ ची तपासणी करायची की नाही, हे फाइलपुरते किंवा एका फील्डपुरतेही ठरवता येते. जुने अनिवार्य फील्डही तसेच चालू ठेवण्याची सोय आहे. म्हणजे आजचे वर्तन जसेच्या तसे लिहून घ्यायचे आणि नंतर एकेक फील्ड बदलायचे. मात्र प्रत्येक भाषेच्या जनरेटरला ही एडिशन समजली पाहिजे, आणि केंद्रावरच्या सी प्लस प्लस प्रोग्रामसाठी वापरलेला जुना प्रोटोकॉल बफर्स कंपायलर ती फाइल स्वीकारणारच नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

तसे असेल, तर क्रम उलटा लावावा लागेल आणि मतभेद तेथेच उरतो. अनिवार्य फील्ड ऐच्छिक करताना प्रथम सगळे वाचक बदलावे लागतात आणि त्यानंतरच लिहिणाऱ्याला ते वगळता येते. दुधाच्या नोंदी वाचतात ते सर्व्हर आणि अहवालाचा प्रोग्राम, दोन्ही सांगलीत आहेत आणि एका रात्रीत बदलता येतात, म्हणून नोंदीतील अनिवार्य फील्ड काढण्यास माझी हरकत नाही. दरपत्रकाचे वाचक मात्र केंद्रांवर बसलेले आहेत, आणि शिराळ्याच्या डोंगराकडील केंद्रांवर नवा प्रोग्राम आजही पेन ड्राइव्हवरून जातो. शेवटच्या केंद्राचा प्रोग्राम बदलेपर्यंत दरपत्रकाचा संदेश प्रोटो २ मध्येच राहील, आणि "मिश्र" हा प्रकार त्यात तोपर्यंत घालता येणार नाही.

हळदबाजार (सांगली)

मग मिश्र दुधाचा दर जुन्या एनममध्ये न घालता नव्या क्रमांकाच्या वेगळ्या फील्डमध्ये पाठवा. जुनी केंद्रे ते फील्ड न वाचताच पुढे जातील, नवी केंद्रे वाचतील, आणि पेन ड्राइव्हची वाट पाहावी लागणार नाही.