मेंडोलिन तुम्हांला कुठे भेटलं? (अनुभव धागा)

मेंडोलिनचा आवाज ज्याच्या कानावरून गेला नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. 'आवारा'मधलं (१९५१) 'घर आया मेरा परदेसी' रेडिओवर लागलं, की त्यातले थरथरते सूर घरातल्या थोरल्यांना तोंडपाठ असतात. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मध्ये (१९९५) सरसोंच्या शेतात शाहरुख खानच्या हातात आहे तेही मेंडोलिनच, आणि मराठा मंदिरच्या पडद्यावर ते वर्षानुवर्षं झळकलं आहे. तरीही ओळखीपाळखीत विचारून पाहा, बहुतेक जण त्याला गिटार म्हणतील. आवाज सगळ्यांचा आणि वाद्य कुणाचंच नाही, असं का झालं असावं? हे मला मनापासून जाणून घ्यायचं आहे.

ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गिटारपेक्षा बरंच लहान, पोटाला कधी गोल तर कधी सपाट, तारा आठ, पण जोड्या चार. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. मिळवणी, म्हणजे तारा सुरात लावण्याची रीत, व्हायोलिनची. जाड तारेला सा धरला तर पुढच्या प, रे आणि ध. एकदा छेडलेला सूर लवकर विरतो, म्हणून नखी (तार छेडायची छोटी पट्टी) खालीवर भराभर फिरवून तो धरून ठेवतात. ती थरथर तिथून येते.

तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलं, कुणाच्या हातात, लोकांनी त्याला काय म्हटलं, ते लिहा. एक ओळसुद्धा चालेल. नावं टाळून गावाचा उल्लेख केलात तर बरं.

पुणे

मी शाळेत संगीत शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना मी वाद्याचं चित्र न दाखवता नुसती धून ऐकवते आणि वाद्य ओळखायला सांगते. मेंडोलिनला दरवर्षी सगळ्यात जास्त उत्तरं 'गिटार' अशी येतात, त्याखालोखाल सतार. एका मुलाने संतूर सांगितलं तेव्हा वर्ग हसला. मी त्याला उभं करून विचारलं, संतूर का? तो म्हणाला, "बाई, एकच सूर परत परत वाजतोय." त्याने नेमकं ऐकलं होतं. संतूरवरही सूर टिकत नाही, म्हणून कलमांनी (हातातल्या छोट्या लाकडी काठ्यांनी) भराभर आघात करून तो लांबवावा लागतो. दोन्ही वाद्यांची अडचण एक आणि त्यावरचा उपायही एक. शिवाय संतूरवर एकेका सुराला अनेक तारा असतात, इथे दोन. ज्या मुलाला हे कानाने कळलं त्याला वाद्याचं नाव सांगायला एक मिनिट पुरतं. नावाची पाठांतरं मी त्यानंतरच करून घेते.

गिरगाव, मुंबई

माझे वडील सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. घरात मेंडोलिनही होतं, कारण मिळवणी तीच, डाव्या हाताची बोटं तीच. ऐनवेळी मेंडोलिनवाला आला नाही तर व्हायोलिनवाल्यांपैकी कुणीतरी ते उचलायचा. पण वडील आम्हांला बजावून सांगायचे, की वेळ मारून नेणं वेगळं आणि मेंडोलिन वाजवणं वेगळं. उजव्या हाताला वर्षं द्यावी लागतात.

त्यांच्या तोंडी नावं असत ती ही. सज्जाद हुसेन: संगीतकार म्हणून 'संगदिल' आणि 'रुस्तम सोहराब'मुळे माहीत, पण वादक म्हणून त्यांची पातळी वेगळीच, मेंडोलिनवर रागदारी वाजवणारे. किशोर देसाई: सरोद आणि मेंडोलिन, दोन्हींवर हात. आणि लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत. संगीतकार होण्याआधी ते मेंडोलिन वाजवायचे, प्यारेलाल व्हायोलिन. कुलाब्याच्या रेडिओ क्लबमध्ये लताबाईंच्या कार्यक्रमात पोरवयाच्या लक्ष्मीकांतांनी मेंडोलिन वाजवलं, ही गोष्ट वडील नेहमी सांगत. 'पारसमणी' (१९६३) आला आणि वादक मागे पडून संगीतकार पुढे आला.

धाग्यातल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथेच आहे. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव. मधल्या तुकड्यात ज्याने जीव ओतला त्याचं नाव नाही, वाद्याचंही नाही. रेडिओच्या निवेदकाकडेच ते नव्हतं, तर ऐकणाऱ्याला कुठून कळणार? पुढे कीबोर्ड आले. एक माणूस बसून व्हायोलिनपासून बासरीपर्यंत सगळं वाजवू लागला आणि रेकॉर्डिंगला बोलावणी कमी झाली. आमच्या चाळीतल्या मुलांनी व्हायोलिन शिकायचं तिथेच थांबवलं, मेंडोलिन तर दूरच. वडिलांच्या पिढीतल्या वादकांची नावं प्रत्येक गाण्याच्या माहितीत लिहिली जावीत असं मला फार वाटतं. जे हयात आहेत त्यांना विचारून घेता येईल.

लालबाग, मुंबई

मी गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजवतो. लोक आम्हांला मेंडोलिनवाले म्हणतात आणि मेंडोलिनवाल्याला बेंजोवाला. फरक साधा आहे. आमच्या बेंजोला टाईपरायटरसारखी बटणं असतात, डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातात नखी. मेंडोलिनमध्ये बटण नाही, बोट थेट तारेवर. दोन्ही वाद्यांना आपापली इज्जत आहे.

फोंडा, गोवा

माझं आजोळ सासष्टीत. शेजारी चर्चचे संगीत मास्तर राहायचे. त्यांच्या सोप्यावर संध्याकाळी पोरं बसलेली असत, पुढ्यात कागद, त्यावर स्वरलिपी. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, सोबत व्हायोलिन. तीच मुलं मोठी होऊन मुंबईच्या ऑर्केस्ट्रात गेली. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. गिरगावच्या काकांनी लिहिलं त्या ऑर्केस्ट्राची अर्धी मुळं आमच्या इथल्या सोप्यांवर आहेत.

मास्तरांच्या घरी भिंतीवर मेंडोलिन टांगलेलं असायचं आणि ते गोल पोटाचं होतं. मांडो, म्हणजे आमचं कोंकणी गाणं, व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या तालवाद्यावर व्हायचा, पण घरगुती मैफलीत मास्तर मेंडोलिन काढायचे. माझ्या आईला ते मराठी नाट्यपदांच्या चाली त्यावर वाजवून दाखवत आणि आई ओटीवरून गायची. त्या घरात मी त्याला कुणी गिटार म्हटलेलं ऐकलं नाही. गिटार बाजूलाच होती, दोन्ही रोज दिसत होती.

मिरज

आमचं काम सतार-तंबोऱ्याचं. मेंडोलिन दुरुस्तीला क्वचित येतं. आणणारा हमखास म्हणतो, "आजोबांची लहान गिटार आहे, माळ्यावर सापडली." दहापैकी आठांच्या चारच तारा शिल्लक असतात. जोडीतली एक तुटली की लोक दुसरी लावत नाहीत आणि मग आवाज पातळ येतो, वाद्य बिघडलं असं वाटतं. वाद्य बिघडलेलं नसतं. आठ पोलादी तारांचा ताण मात्र मोठा असतो, तो वर्षानुवर्षं तसाच राहिला तर दांडी वाकते. ती वाकली असेल तर काम अवघड.

चेन्नई

आम्ही तंजावरचे मराठी. घरात बोलतो ते मराठी तुम्हांला जुनं वाटेल, म्हणून इथे तुमच्यासारखं लिहितो आहे.

तुमचा प्रश्न वाचून नवल वाटलं, कारण आमच्या शहरात मेंडोलिन न ओळखणारा माणूस शोधावा लागेल. याचं कारण एकच माणूस. उप्पलपू श्रीनिवास, १९६९ साली आंध्रातल्या पालकोल्लूत जन्मले. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, घरात मेंडोलिन होतं, मुलाने ते उचललं. गुरू रुद्रराजू सुब्बराजू यांना मेंडोलिन येत नव्हतं. ते गाऊन शिकवायचे आणि मुलगा ते गाणं वाद्यावर काढायचा. माझ्या मते सगळ्याचं मूळ यात आहे. १९७८ मध्ये गुडिवाड्याच्या त्यागराज आराधनेत पहिली कचेरी, म्हणजे मैफल. नऊ वर्षांचा मुलगा. १९८३ मध्ये बर्लिनच्या जॅझ महोत्सवात.

पण ओळख सहज मिळाली नाही. जाणकारांचा आक्षेप रास्त होता: कर्नाटक संगीत म्हणजे गमक आणि या वाद्यावर सूर टिकत नाही, मग त्याला हेलकावा देणार कसा? जोडतारा एकत्र ओढायच्या तर तेही जिकिरीचं. श्रीनिवासांनी जोड्या काढून टाकल्या, एकेरी पाच तारा ठेवल्या आणि विजेवरचं भरीव अंगाचं मेंडोलिन घेतलं. सूर टिकू लागला, तार ओढता येऊ लागली. त्यानंतर आक्षेप घेणाऱ्यांनीच पहिल्या रांगेत जागा धरली.

माझ्या वडिलांचा हात धरून मी मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या मैफलींच्या दिवसांत त्यांना ऐकायला जायचो. सभेबाहेर रिक्षावाला विचारायचा, "आज मेंडोलिन का?" म्हणजे वाद्याचं नाव घेतलं की माणूस समजायचा. त्यांच्या नावाआधीही लोक वाद्याचंच नाव लावायचे: मेंडोलिन श्रीनिवास. १९९८ मध्ये पद्मश्री. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या 'रिमेम्बर शक्ती' या वाद्यवृंदात ते होते, तिथेच शंकर महादेवनही. मुंबईकरांनी त्यांना तिथे ऐकलं असेल.

१९ सप्टेंबर २०१४ ला गेले. पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. त्यांचे धाकटे भाऊ राजेश वाजवतात, शिष्य वाजवतात, पुढच्या मुलांना गुरू आहे. महाराष्ट्रात सज्जाद हुसेन होते, किशोर देसाई होते. त्यांच्याकडे बसून शिकलेल्यांची रांग का लागली नाही, हे मुंबईकरांनी सांगावं.

गिरगाव, मुंबई

चेन्नईच्या दादांना: कारण आमच्याकडे वाद्य गाण्याच्या मधल्या जागेत वाजत राहिलं. मैफलीला एकटं पुढे बसलं नाही. तुमच्याकडे बसलं.

बेर शेवा, इस्रायल

शालोम आणि नमस्कार. आमचं घराणं बेने इस्रायल, आजी-आजोबा अलिबागकडचे. आजी अजून भाजीला मराठीतच नावं ठेवते.

आमच्या शहरात संगीत शाळेत जाणारं लहान मूल मेंडोलिन हातात घेतं हे अगदी साधं आहे. सोव्हिएत देशातून आलेले एक व्हायोलिन शिक्षक होते, सिम्हा नाथान्सन. त्यांनी इथे मुलांचा मेंडोलिन वाद्यवृंद उभा केला. त्यातूनच आवी आविटाल पुढे आले, जन्म १९७८, आमच्याच गावचे. शास्त्रीय विभागात ग्रॅमीचं नामांकन मिळालेले ते पहिले मेंडोलिन वादक. विवाल्डीने मेंडोलिनसाठी लिहिलेली रचना ते वाजवतात तेव्हा सभागृह भरलेलं असतं. आजीला मी एकदा सोबत नेलं. पहिला तुकडा संपल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "अगं, हे तर आपल्या सिनेमातलं." घरी येऊन तिने 'घर आया मेरा परदेसी' लावायला सांगितलं आणि दोनदा ऐकलं.

टोकियो

इथे विद्यापीठांमध्ये मेंडोलिनचे क्लब आहेत, केइओ विद्यापीठाचा तर १९१० पासून आहे. मेंडोलिन, त्याहून मोठा मेंडोला, त्याहून मोठा मेंडोचेलो, सोबत गिटार आणि डबल बास, असा पूर्ण वाद्यवृंद. वाजवणारे इंजिनिअरिंगचे, कायद्याचे विद्यार्थी. माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्यानेही कॉलेजात वाजवलेलं आहे. पुण्याच्या बाईंसारखे शिक्षक आणि एखादं कॉलेज एकत्र आलं तर आपल्याकडे हे जमण्यासारखं आहे.

नागपूर

मी सध्या शिकते आहे, वय एकोणीस. मेंडोलिन शिकवणारे गुरुजी मला इथे मिळाले नाहीत, म्हणून व्हायोलिनच्या सरांकडे जाते. डावा हात ते सांगतात, उजव्या हाताचं व्हिडिओ पाहून करते. रेल्वेत, बसमध्ये पिशवीतून काढलं की हल्ली लोक गिटार म्हणत नाहीत, "युकुलेले का?" म्हणतात. मी दरवेळी तारा मोजून दाखवते. त्यांच्या हातात देते, एक जोडी छेडायला लावते. एका काकूंनी छेडलं आणि लगेच 'तुझे देखा तो'ची धून गुणगुणायला लागल्या, डब्यातल्या आणखी दोघी त्यांच्यासोबत. वाद्य हातात दिलं की लोक विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

एक विचारायचं होतं. सगळ्यात बारीक तार वारंवार तुटते. इथल्या दुकानात गिटारची तार देतात. चालेल का? आणि तार बदलल्यावर वरचे सूर बेसूर येतात, ते का?

मिरज

ताई, गिटारच्या तारेच्या टोकाला गोळी असते, मेंडोलिनच्या तारेला फासा लागतो. जाडी तीच मिळाली तर गोळी काढून फासा वापरता येतो, पण मेंडोलिनचा जोड मागवून घेणं उत्तम. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच वेळी नव्या लावा, नाहीतर एक जुनी आणि एक नवी कधीच नीट मिळत नाहीत.

वरचे सूर बेसूर येतात ते घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, सरकल्यामुळे. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती हलते. म्हणून एक जोडी काढा, बसवा, मग दुसरी. आधीच सरकली असेल तर बाराव्या पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून सूर बघा. तो मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला हवा. चढा लागला तर घोडी मागे घ्या, उतरलेला लागला तर पुढे. केसभरच हलवायची. तरीही तुटत राहिली तर घोडीच्या खाचेला धार आली असणार, ती बारीक पॉलिश कागदाने मोडावी लागेल. इकडे येणं झालं तर वाद्य घेऊन या, खाच मी करून देईन.