‘शिक्कामोर्तब’ कधी झाले म्हणायचे? शिक्का, मुद्रा, मोर्तब आणि मोहर

मालवणहून प्रश्न
रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणे आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, म्हणून न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या बातम्या नीट वाचतो. ‘कॉलेजियमने (नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाने) अमुक नावांवर शिक्कामोर्तब केले’ असे छापून येते. हा वापर बरोबर आहे का?

रत्नागिरीहून
माझ्या मते चूक. आधी शब्द पाहा. शिवकाळातल्या पत्रांवर दोन ठसे असत. माथ्यावर मुख्य मुद्रा, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव...’ ही. मजकूर संपला की खाली छोटे मोर्तब, ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली, याखाली कुणी ओळ घुसडायची नाही. पेशवाईत याच जागी ‘लेखनसीमा’ येते. वरचा शिक्का पत्र कुणाचे ते सांगतो, खालचे मोर्तब ते पुरे झाले हे सांगते. दोन्ही उमटले की शिक्कामोर्तब.

कॉलेजियम शिफारस करते. उच्च न्यायालयाच्या नेमणुकीत त्यानंतरही कागद कायदामंत्री, पंतप्रधान असा राष्ट्रपतींपर्यंत जातो. संविधानाच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे नेमणूक होते ती राष्ट्रपतींच्या सही-शिक्क्याच्या अधिपत्राने, म्हणजे नेमणुकीच्या आदेशपत्राने. सर्वोच्च न्यायालयासाठी हेच अनुच्छेद १२४ मध्ये आहे. मधेच नाव परत आले किंवा अडून राहिले, तर आदल्या दिवशीचे ‘शिक्कामोर्तब’ खोटे पडते. शिफारशीच्या टप्प्यावर ‘नावे सुचवली’ किंवा ‘शिफारस केली’ एवढेच लिहावे.

मालवणहून
मग शपथ झाली की शिक्कामोर्तब म्हणायचे का?

रत्नागिरीहून
नाही, त्याआधीच. क्रम असा: अधिपत्रावर राष्ट्रपतींची सही, मग न्याय विभागाची राजपत्रात अधिसूचना, मग शपथ (अनुच्छेद २१९, राज्यपालांसमोर किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीसमोर). शपथेच्या वेळी अधिपत्र वाचून दाखवतात. शपथेशिवाय आसनावर बसता येत नाही, पण नेमणुकीचा कागद तोवर पुरा झालेला असतो. उलट, राजीनाम्याला न्यायाधीशाची नुसती सही पुरते, शिक्का लागत नाही.

सावंतवाडीहून
‘अधिपत्र’ हा शब्द आवर्जून वापरावा. इंग्रजी मसुद्यातला शब्द ‘वॉरंट’ आहे, पण मराठी वाचकाला वॉरंट म्हटले की अटकच आठवते. ‘न्यायाधीशांचे वॉरंट निघाले’ असे लिहिले तर अनर्थ होईल. ‘सनद’ही नको, ती वकिलाची.

‘राजमुद्रा’ही जपून वापरा. पत्राच्या माथ्यावर छापलेले सिंहांचे चित्र हे राजचिन्ह, २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलेले. ते शेकडो सरकारी कागदांवर असते. अधिपत्रावरचा शिक्का ही सहीबरोबर केलेली कृती आहे. चिन्ह छापलेले दिसले म्हणून ‘मुद्रा उमटली’ म्हणता येत नाही. ‘मुद्रांक’ तर तिसरीच गोष्ट, तो शुल्काचा.

देवगडहून
‘मोहर’ कुठे बसते? आमच्याकडे मोहर म्हटले की आंबाच.

रत्नागिरीहून
लिंग पाहा, घोटाळा मिटतो. आंब्याचा तो मोहर. शिक्क्याची किंवा सोन्याची ती मोहर, फारसी ‘मुहर’वरून आलेली. ‘मोहर आला’ झाडाला, ‘मोहर लागली’ कागदाला. ‘मोर्तब’ मात्र नपुंसकलिंगी आणि मूळ अरबी, ‘नीट लावलेले, रचलेले’ या अर्थाचे. म्हणून ‘शिक्कामोर्तब झाले’, ‘झाली’ नव्हे.

सावंतवाडीहून
जिल्हा न्यायाधीशांच्या बातमीत हे शब्द उचलून ठेवू नका. त्यांना अनुच्छेद २३३ खाली राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून नेमतात, आणि त्या अनुच्छेदात सही-शिक्क्याच्या अधिपत्राचा उल्लेखच नाही. शासनाची अधिसूचना निघते, खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे लिहून सचिव पातळीवरची सही. म्हणून ओरोसच्या (सिंधुदुर्गच्या जिल्हा) न्यायालयात नवे जिल्हा न्यायाधीश नेमले गेले तर ‘राज्यपालांनी नियुक्ती केली’ हेच लिहावे, ‘राष्ट्रपतींची मोहर’ नव्हे.