सॉफ्ट पेस्टल पहिल्यांदाच: पावसाळी घाटातल्या धुक्याचा चिखल होतोय

पाऊसपाणी:
वरंधा घाटाचा जुलैमधला फोटो समोर ठेवून सॉफ्ट पेस्टलमध्ये पहिलं निसर्गचित्र करतेय. मागे डोंगरांच्या तीन रांगा, मधल्या रांगेच्या पायथ्याशी धुकं, पुढे भातखाचरं. ६४ अर्ध्या कांड्यांची पेटी आहे, कागद पांढरा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा साधा कागद, आकार ए३. तिसऱ्या थरानंतर रंग धरतच नाही, नुसता घसरतो. हिरव्यांत पोपटी आणि बाटलीचा हिरवा, मधलं काहीच नाही. धुक्यासाठी पांढरा घासला की खालचा गडद निळा वर येतो आणि राखाडी चिखल होतो. आजवर जलरंगच वापरलेत. फिकटाकडून गडदाकडे जायची सवय नडतेय का?

कातळकडा:
नडतेय, पण आधी कागद बदला. पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, थोडी खडूची पूड आणि नावापुरता डिंक. ही भुकटी कागदाच्या दाण्यांत अडकून बसते, तेवढाच तिला आधार. कार्ट्रिजचा दाणा बारीक, दोन-तीन थरांत भरून जातो. मग चौथा थर बसणार कुठे? कॅन्सन कंपनीचा १६० जीएसएमचा मी-टिंट्स कागद घ्या, मध्यम राखाडी किंवा मातकट रंगाचा. त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असते, ती आकाशात उमटते, म्हणून दुसरी बाजू वापरा. नुसत्या सरावाला हार्डवेअरच्या दुकानातला ४०० नंबरचा वॉटरप्रूफ पॉलिश पेपरही चालतो. रंग भरपूर धरतो, मात्र कांड्या भराभर झिजवतो, आणि टिकाऊ चित्रासाठी तो नाही.

ए३ सोडा, ए४ घ्या. रेखाटन चारकोलने, अगदी हलकं. पेन्सिल नको, ग्रेफाइटवर पेस्टल घसरतं. डोळे किलकिले करून फोटोत फिकट ते गडद अशा फक्त चार छटा शोधा. सगळ्यांत गडद जागा पुढे, बांधावरच्या झाडांखाली असेल. सगळ्यांत मागची रांग आकाशापेक्षा जेमतेम एक छटा गडद. गडद जागा आधी हलक्या हाताने भरून घ्या, लख्ख उजेड शेवटी. वरून खाली काम करा, कारण भुकटी खाली पडते.

आता धुकं. ते वरून घालायचं नाही, त्याची जागा आधीच राखायची. कांडीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा मोडून आडवा धरा. डोंगराच्या माथ्यावर दाब द्या म्हणजे कडा स्पष्ट येते, आणि खाली उतरताना दाब सोडत जा, म्हणजे पायथ्याशी कागदाचा दाणा उघडा राहतो. मग आकाशातलाच फिकट निळसर राखाडी घ्या, पांढरा नाही, आणि तितक्याच हलक्या हाताने खालून वर न्या. दोन्ही रंग जिथे एकमेकांवर येतात तिथे करंगळीची कड एकदाच आडवी फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलीत की बोटाचा तेलकटपणा दाण्यात जातो, खालचा गडद वर येतो आणि तुमचा तो चिखल तयार होतो.

झालेला चिखल काढता येतो. बोर्ड पुढे झुकवून कोरड्या, राठ केसांच्या ब्रशने रंग झाडा. उरलेला रंग पुट्टी रबर, म्हणजे मळता येणारा मऊ खोडरबर, दाबून उचला, घासू नका.

खाचर:
हिरव्याबद्दल. पेटीतला हिरवा थेट कागदावर लावला की कच्चाच दिसतो. उतारांवर हिरव्याच्या खाली आधी विटकरी, सावलीत जांभळा असा पातळ थर द्या. त्यावर हिरवा तिरक्या, सुट्या रेघांनी, खालचा रंग साधारण पाव भाग दिसत राहील इतकाच. बोट लावायचं नाही. रेघांमधून डोकावणारा विटकरीच हिरव्याला शांत करतो. मागच्या दोन रांगांत हिरवा वापरूच नका, निळसर जांभळा राखाडी पुरे. भातखाचरांखाली पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, आणि वर पोपटी. तुमच्या पेटीतला पोपटी शोभतो तो तिथेच. सह्याद्रीचा पावसाळा डोळ्यांना हिरवागार वाटतो, पण नीट पाहिलं तर खरा हिरवा पुढच्या पट्ट्यातच असतो.

कांड्या एकमेकींना लागून मळल्या असतील तर डब्यात जाड रवा घेऊन त्यात हलवा, मूळ रंग परत दिसतो.

पाऊसपाणी:
खूप मदत झाली. फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणारा फवारा, थरांच्या मध्ये मारायचा का?

कातळकडा:
फक्त गडद थरांवर, ३० सेंटिमीटरवरून, एकच पातळ फवारा, खिडकी उघडून. दाणा थोडा परत मिळतो.

खाचर:
शेवटचे फिकट रंग लागल्यावर मात्र मारू नका. फिकट छटा काळवंडतात, आणि या चित्रात धुकं हेच सगळं आहे. त्यापेक्षा चित्र काचेखाली ठेवा, काच आणि कागद यांच्यात ४-५ मिलिमीटर जागा सोडून. अॅक्रिलिक शीट नको, तिच्या स्थिर विजेने भुकटी ओढली जाते. फ्रेम होईपर्यंत वर गुळगुळीत बटर पेपर ठेवून आडवं, कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते.

आणि काम करताना पंखा बंद, भुकटी फुंकायची नाही, खाली ओला कागद पसरून ठेवायचा. काही रंगद्रव्यं विषारी असतात, त्यामुळे मास्क लावा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.